हिरव्या लेबलाची अकरा पानं

“रविवारी सकाळी साडेदहा वाजता, तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अकरा फुलपाखरं बाहेर पडतील! एक जरी कमी निघालं, तर मारुतीमागच्या रुईवर मी स्वतः कोयता चालवीन!”

विठ्ठल तावडेंनी कमिटीच्या टेबलावर मूठ आपटली. चहाचे कप हलले. चेअरमन हरिहरराव हलले नाहीत.

“लिहून घ्या, प्रीती मॅडम,” ते सेक्रेटरीबाईंना म्हणाले. “साडेदहा. अकरा नग.”

जन्माची वेळ आगाऊ सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो, नाहीतर मूर्ख. तावडे दोन्ही नव्हते. ते क्वालिटी कंट्रोलमधून रिटायर झाले होते, आणि हे त्या दोन्हींपेक्षा वाईट दुखणं आहे.

वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं माल तपासला. मालक ओरडला, मॅनेजर ओरडला, ट्रक दारात उभा राहून हॉर्न मारत राहिला, तरी तावडेंच्या सहीशिवाय नग बाहेर गेला नाही. “खोटा नग पास केला की तो कुठं ना कुठं फुटतोच,” असं ते म्हणायचे, आणि म्हणताना समोरच्याकडे असं बघायचे, की खोटा नग तोच आहे!

आता ह्या माणसाला फुलपाखरांचा नाद लागला कसा, ते सांगतो.

कोलशेतची ही सोसायटी उभी आहे ती इथल्याच जुन्या रहिवासी आवडाबाईंच्या सासऱ्याच्या भातखाचरावर. जमीन विकताना म्हाताऱ्याने एकच अट घातली होती, कोपऱ्यातला मारुती जागचा हलवायचा नाही. मारुती राहिला. मागची रुईची जाळी कागदावर नव्हती, तरी तीही राहिली. ह्या शहरात ज्या जागेवर गाडी उभी नाही ती जागा फुकट गेली, असं समजतात. त्यामुळे हरिहररावांनी टेप लावून मोजलं आणि जाहीर केलं, “रुई काढली तर नऊ गाड्या बसतात!”

नऊ गाड्यांसाठी बावन्न सभासद हुरळले. त्रेपन्नावे तावडे.

कारण पावसाळा सरता सरता एका सकाळी त्यांना रुईच्या पानाखाली एक अळी दिसली होती. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे, इतके सारखे की मोजपट्टीनं आखावेत! पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. बत्तीस वर्षांत असा चोख नग तावडेंच्या नजरेखालून गेला नव्हता. त्यांनी चौकशी केली, मोबाइलवर वाचलं. नाव सापडलं, बिबळ्या कडवा. रुईचा विषारी चीक ही अळी दुधासारखी पिते आणि अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि तिच्या फुलपाखराला तोंड लावत नाहीत. रुई नसेल तर ती दुसऱ्या पानांकडे ढुंकून बघत नाही, उपाशी मरते.

“म्हणजे रुई गेली की ही गेली,” तावडे बायकोला म्हणाले.

“आणि पार्किंग झालं की आपली स्कूटर सावलीत आली,” वासंतीबाई म्हणाल्या.

तावडेंनी अकरा अळ्या डहाळ्यांसकट घरी आणल्या. जॅमच्या बाटल्यांत पाणी भरलं, त्यात डहाळ्या उभ्या केल्या, गॅलरीत ओळ लावली. वही उघडली. ‘नग ११. भूक उत्तम. विष्ठा भरपूर.’ दुसऱ्या दिवशी, ‘विष्ठा आणखी भरपूर.’ बाप झाल्यावर माणसानं एवढं लक्ष दिलं नसेल! वासंतीबाईंनी हे बोलूनही दाखवलं. “आपल्या संचिताच्या वेळी लंगोट कुठं वाळत घातलेत तेही तुम्हाला माहीत नव्हतं!”

त्यात आवडाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात जरब. साठ वर्षं दर शनिवारी ह्याच रुईची अकरा पानं तोडून, स्वतः हार ओवून मारुतीला घालायच्या. एक दिवस त्या थेट दारात!

“तावरे! तुजे किऱ्यांनी माज्या देवाची पाना खाल्ली! शनवारी मारुतीला काय घालू, तुजा मफलर?”

“मावशी, ते किडे नाहीत. अळ्या आहेत.”

“आली काय न किरा काय, पोट दोगांना हाय! झाराला हात लावू नको सांगतंय!”

“मावशी, मी झाड वाचवायलाच बघतोय!”

“खाऊन?”

तावडेंनी दार हळू लावलं.

मग एकेक अळी खायची थांबली, पानाखाली उलटी लटकली, आणि कातडी टाकून तिचा पोपटी डूल झाला. वरच्या अंगाला सोन्याचे टिपके. असे अकरा पानांखाली अकरा डूल! एकही वाया गेला नाही. तावडे त्या सकाळी गॅलरीत उभे राहून बराच वेळ नाक शिंकरत होते. सर्दी नव्हती.

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी बत्तीस वर्षं माल तपासलेला माणूसच करू शकतो.

कारखान्यात तीन लेबलं असायची. लाल म्हणजे रद्द, कुणी हात लावायचा नाही. पिवळं म्हणजे थांबा. हिरवं म्हणजे पास, माल बाहेर द्यायला हरकत नाही. रिटायर होताना तावडेंनी ह्या लेबलांचे उरलेले गठ्ठे घरी आणले होते आणि घराचा कारखाना केला होता. वासंतीबाईंच्या लोणच्याच्या बरणीवर ते मुरेपर्यंत पिवळं. मुरलं की हिरवं, मग शेजारी वाटायला मोकळं. खराब निघालं की लाल. डब्यातल्या पापडांनासुद्धा लेबलं होती! वासंतीबाई आधी भांडल्या, मग रडल्या, मग सरावल्या. लग्न असंच मुरतं.

तर, अळ्या खात होत्या तोवर डहाळ्यांवर पिवळं लेबल होतं. अकरा कोष झाल्यावर तावडेंनी अभिमानानं पिवळी लेबलं काढली आणि अकरा देठांना अकरा हिरवी लेबलं बांधली.

बायकोला मात्र काही सांगितलं नाही. स्कूटरच्या सावलीवरून दोघांचा अबोला चालला होता.

शनिवारी दुपारी तावडे वागळेला गेले. जुन्या कारखान्यातलं स्टँडचं मोठं भिंग मागून आणायचं होतं, म्हणजे रविवारी बावन्न सभासदांना कोषातली हालचाल दाखवता येईल. जुन्या लोकांनी चहा पाजला, भिंग दिलं. ते घेऊन तावडे रिक्षातून परत आले ते वरातीतल्या नवरदेवासारखे.

गॅलरीत आले. बाटल्या होत्या. पाणी होतं. डहाळ्यांची बुडखंसुद्धा होती.

“वासंती!”

आठवड्यानंतरचा पहिला शब्द होता तो. वासंतीबाई जरा खूश होऊनच बाहेर आल्या.

“पानं कुठायत?”

“दिली. आवडामावशींना. हाराला चांगली पानं उरली नाहीत म्हणून मागायला आल्या होत्या बिचाऱ्या. अळ्या गेल्याच होत्या, म्हटलं नुसती पानं कशाला ठेवायची.”

“दिली? कुणाला विचारून दिली?”

“विचारायचं काय त्यात? हिरवं लेबल होतं!”

तावडे गॅलरीतल्या स्टुलावर बसले. भिंग मांडीवर होतं. त्यातून त्यांना स्वतःचा अंगठा भोपळ्याएवढा दिसला.

“अगं, त्या पानांखाली कोष होते. त्यांच्या आत फुलपाखरं आहेत.”

वासंतीबाईंचा हात तोंडावर गेला. “म्हणजे... मारुतीच्या गळ्यात... किडे?”

“फुलपाखरं.”

“अहो, बायका काय बघणार आहेत, फुलपाखरं का किडे? देवाच्या गळ्यात किडे घातले म्हणून मला जगू देणार नाहीत! अहो, कुणाला सांगू नका हां. तुम्हाला माझी शपथ आहे!”

तावडे चपला न घालता खाली पळाले. देवळाच्या ग्रिलला कुलूप लागलं होतं. आत मारुतीच्या गळ्यात अकरा हिरवी पानं. बाहेर पायरीवर आवडाबाई पाय पसरून बसल्या होत्या.

“मावशी, हार जरा काढून द्या. माझी वस्तू त्यात गेली आहे.”

“देवाला घातलेला हार परत मांगतंस? लाज नाय वाटत? उद्या बारा वाजता आरती व्हईल, मंग उतरंल.”

“साडेदहाला मीटिंग आहे हो!”

“मारुतीला सांग. तो तुज्या मीटिंगचा बगंल.”

रविवारी सकाळी देवळापुढच्या मंडपात खुर्च्या मांडल्या. कारण सोसायटीचा हॉल हरिहररावांनी आधीच जिमसाठी भाड्याने दिला होता. ग्रिल उघडलं होतं, मारुती समोर होता. तावडेंनी लांबूनच बघितलं. पोपटी डूल आता काळसर झाले होते, आणि त्यांच्या पातळ भिंतीतून आतला केशरी रंग दिसत होता. वेळ झाली होती! आणि त्यांना तोंड उघडायची बंदी होती.

हरिहररावांनी घड्याळ बघितलं. “साडेदहा. तावडे, काढा तुमचे अकरा नग!”

तावडे उभे राहिले. हातात भिंग. फक्त भिंग.

“ते... सध्या माझ्या ताब्यात नाहीत.”

“म्हणजे माल गहाळ!” हरिहरराव म्हणाले, आणि बावन्न माणसं हसली. “क्वालिटी कंट्रोलवाल्याचा माल गहाळ! प्रीती मॅडम, लिहा.”

“काका, कोयता आणलाय का?” मागून कुणीतरी विचारलं. पुन्हा हशा.

तावडेंनी वासंतीबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक चावत होत्या. एका शब्दात हा माणूस सुटला असता. बोलला नाही. ज्या बाईशी आठवडाभर भांडला, तिच्यासाठी त्यानं बावन्न माणसांचं हसणं अंगावर घेतलं. त्याच्या वहीत ह्याची नोंद कुठेच नाही, म्हणून मी इथे करून ठेवतो.

“रुई काढण्याच्या बाजूने हात वर करा,” हरिहरराव म्हणाले.

हात वर जायला लागले. दहा, वीस, तीस.

“अगं बाई!” पहिल्या रांगेतली शालन किंचाळली.

मारुतीच्या छातीवरचं एक पान थरथरलं. त्याखालून एक चुरगळलेलं, ओलं, शेंदरी काहीतरी बाहेर आलं आणि उलटं लटकलं. सगळ्यांच्या देखत त्याचे पंख हळूहळू फुगले, सरळ झाले. शेंदरी पंख, काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके. मग दुसरं. मग खांद्यापाशी दोन. शेंदराच्या देवातून शेंदराच्या रंगाची फुलपाखरं सुटत होती!

वर गेलेले हात आपोआप एकमेकांना जोडले गेले. कुणी घंटा वाजवली. शालनच्या अंगात येईल असं वाटायला लागलं, पण ती आधी केस सोडत होती. प्रीती मॅडमचा मोबाइल वर, त्या रडतही होत्या आणि व्हिडिओही सरळ धरत होत्या.

तावडेंची फुलपाखरं बाटलीतली, ही देवाची; दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यातही आला नाही. मोजत होते एकटे तावडे. नऊ. दहा. अकरा! वेळ दहा एकेचाळीस. अकरा मिनिटांचा फरक. जगातला एवढा मोठा अंदाज एवढा अचूक आला, आणि टाळी द्यायला कुणी नाही!

फुलपाखरू कोषातून निघालं की अंगातला टाकाऊ ऐवज आधी बाहेर टाकतं. तांबडे थेंब असतात. सरळ भाषेत सांगायचं तर पहिली शी. तशी ती अकरा जणांनी टाकली. थेंब मारुतीच्या पायांवर पडले. हरिहरराव गहिवरून पुढे झाले, बोटाने थेंब टिपला आणि कपाळाला लावला. “शेंदूर पाझरतोय!” मग रांग लागली. दोघांनी तीर्थ म्हणून चाटला.

तावडेंनी डोळे मिटून घेतले.

“तावडे,” हरिहररावांचा आवाज बदलला होता. कपाळावर तो टिळा. “तुम्ही अभ्यासू माणूस. खोटं पास करत नाही म्हणतात. सांगा सगळ्यांना, ह्याला तुमच्या शास्त्रात उत्तर आहे?”

उत्तर होतं! वहीत दिवसवार लिहिलेलं होतं! ते सांगितलं की चमत्कार संपला, हात पुन्हा वर जाणार, सोमवारी जेसीबी येणार. आणि वासंतीबाई पदर चावायच्या थांबून त्यांच्याकडे बघत होत्या.

“उत्तर... नाही,” तावडे म्हणाले.

ठराव झाला. शास्त्रात उत्तर नाही, सबब रुई हे देवस्थानाचं झाड, कुणी तोडू नये. सूचक हरिहरराव. अनुमोदक म्हणून तावडेंनी सही केली. बत्तीस वर्षांत न केलेली सही एकसष्टाव्या वर्षी केली.

पुढचे दोन आठवडे सुखात गेले. व्हिडिओ कळव्यापर्यंत पोचला, डोंबिवलीहून माणसं आली. रुईभोवती चौथरा बांधला, टाइल्स लावल्या, स्टीलचं ग्रिल बसलं, हॅलोजन लागला. पार्किंगच्या नावाने कुणी ब्र काढेना. तावडे रोज सकाळी ग्रिलबाहेरून भिंग लावायचे. एक दिवस पानामागे टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी अंडी दिसली. मग बारीक अळ्या. त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, “वासंती, आजोबा झालो!”

वासंतीबाईंनी शिरा केला.

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. पट्टेदार अळी, रुईच्या पानावर. खाली प्रीती मॅडम, ‘देवाच्या झाडाला कीड लागली आहे. तातडीने लक्ष द्यावे.’ त्याखाली बावन्न हात जोडलेले.

तावडे बनियनवर खाली पळाले. पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला आधीच ग्रिलच्या आत होता. हरिहरराव नाकाला रुमाल लावून उभे होते.

“थांबवा! थांबवा ते! ह्याच अळ्यांची ती फुलपाखरं होतात!”

हरिहरराव दचकले. मग त्यांचा चेहरा कडक झाला.

“तावडे, जीभ सांभाळा. देवाच्या फुलपाखरांना अळी म्हणता?”

“म्हणता काय! आहेतच! मी गॅलरीत वाढवली होती! माझी वही आहे!”

“वही?” हरिहररावांनी मोबाइल काढला. “हा ठराव वाचा. ‘शास्त्रात उत्तर नाही.’ खाली सही कुणाची?”

सही चांगली ठळक होती. तावडेंची सही नेहमीच ठळक असते.

खोटा नग फुटला. आवाज झाला नाही, फक्त पंपाचा फिस्स फिस्स. एकेक अळी आखडली, पानावरून सुटली, नव्या टाइल्सवर पडली. फुलपाखराला हात जोडणारी माणसं अळीला विष घालून पुण्य कमवत होती. तावडे तिथं संपेपर्यंत उभे राहिले, कारखान्यात रद्द माल भट्टीत जाताना उभे राहायचे तसे. मग जिना चढून घरी आले.

संध्याकाळी दारावर थाप पडली. आवडाबाई. हातात स्टीलचा डबा.

“घे. चार हायेत. तो पंपवाला पानी भरत व्हता तवा उचलल्या. बाकीच्या नाय गावल्या.”

डब्यात रुईची पानं होती आणि पानांवर चार पट्टेदार अळ्या. खात होत्या. जगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

तावडे बघत राहिले. “मावशी, तुम्हाला... माहीत होतं?”

“साठ वरसा पाना ओवतंय मी. डोल्यांना दिसत नाय, बोटांना दिसतंय. पानाखाली डूल लटकतंय, ते मना नाय कलायचा? एकाला बी धक्का नाय लावला. सुई देठातून काडली.”

“मग त्या दिवशी पानं परत का नाही दिलीत? मी अनवाणी पळत आलो होतो!”

“परत देऊन काय केला असतास? भिंग दाखवला असतास. तुजा भिंग बगून नऊ गाऱ्या थांबल्या असत्या?” म्हातारीने पायरीवर टेकून श्वास घेतला. “झार वाचवाचा व्हता, वाचला. किरे वाचवाचा मना सुचला नाय. म्हातारी झालंय आता.”



मग वासंतीबाई आत गेल्या, बाटली धुतली, पाणी भरलं. पानांच्या देठाला बांधायला लेबलांचे तिन्ही गठ्ठे घेऊन त्या बाहेर आल्या. आता त्या विचारल्याशिवाय काही करत नाहीत.

“अहो, पिवळं लावू का हिरवं?”

“लाल.”

“लाल? अहो, लालला तर कुणी हात लावायचा नाही! चांगल्या आहेत की!”

“म्हणूनच,” तावडे म्हणाले.